सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट: कुठल्या कामाला हो म्हणावं, कुठल्या नाही

अधिकृत सर्व्हिस सेंटरची मूळ सर्व्हिस बहुतेक वेळा चांगलीच असते. ऑइल योग्य ग्रेडचं, फिल्टर अस्सल, कामाची नोंद पक्की. वॉरंटीतलं काम तर तिथेच करून घ्यावं. खोट आहे ती एस्टिमेटच्या खालच्या भागात. अनेक ठिकाणी सर्व्हिस ॲडव्हायझरला, म्हणजे गाडी घेऊन एस्टिमेट लिहिणाऱ्याला, वाढीव कामांवर इन्सेंटिव्ह असतो आणि मग मॅन्युअलमध्ये नसलेली कामं ‘रेकमेंडेड’ म्हणून तिथे येऊन बसतात.

सगळ्यात निरर्थक काम म्हणजे इंजिन फ्लश, म्हणजे ऑइल बदलण्याआधी रसायन घालून इंजिन आतून धुणं. ऑइल वेळच्या वेळी बदललं असेल तर आतली काजळी धरून ठेवायचं काम ऑइलमधलेच घटक करतात. आणि इंजिनात खरोखर गाळ साचला असेल तर फ्लशने सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो, ऑइलचा दाब पडतो. म्हणजे गरज नाही तिथे पैसे वाया, गरज वाटते तिथे धोका. इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) यांचं क्लीनिंगही लक्षण असेल तरच: आयडलिंगला गाडी थरथरणं, पिकअप मंदावणं.

खरी फसगत ब्रेकमध्ये होते, कारण भीतीपोटी कोणी नाही म्हणत नाही. ‘पॅड संपत आलेत’ एवढं ऐकून सही करू नका, जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. पुढच्या चाकाच्या नव्या पॅडचं अस्तर साधारण 10 ते 12 मिमी असतं. 3 मिमीच्या आसपास आलं की बदलायचं. 6 मिमी उरलं असेल तर पुढच्या सर्व्हिसला पुन्हा मोजून घ्या. मोजताना मागची लोखंडी पट्टी धरायची नाही, फक्त अस्तर. डिस्क बदलायला सांगितली तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी बघा आणि समोर मोजायला लावा. आणखी एक: पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते. ती मिनिमम खुणेच्या वर असेल तर नुसतं टॉप-अप कशाला? नवे पॅड बसवताना पॅड दाबणारा ब्रेकचा पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल वर येतं, सांडलं तर रंग खातं.

मात्र ब्रेक ऑइल बदलणं हे वाढीव काम समजू नका. ते हवेतली ओल शोषतं, उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब घाटउतारावर पेडल मऊ पडतं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन वर्षांची मुदत असते, ती पाळा. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणाऱ्या टायमिंग बेल्टचंही तसंच, मॅन्युअलमधली मुदत पाळा. तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

बॅटरी बदला म्हणाले तर रीडिंग मागा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर चार्ज पूर्ण आहे. पण तेवढ्याने बॅटरी चांगली ठरत नाही, लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन केलेली तपासणी, हवीच. शॉक ॲब्सॉर्बरवर तेलकट धूळ दिसली म्हणून तो गेला असं नाही. ओघळ आला असेल तर गेला. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेने झिजत असतील किंवा सस्पेन्शनचं काम झालं असेल तेव्हा.

गाडी सोडतानाच जॉब कार्डवर (कामांची यादी असलेल्या कागदावर) लिहून घ्या: फोनवर परवानगी घेतल्याशिवाय जादा काम नाही, जुने पार्ट परत हवेत. एअर फिल्टर, एसी फिल्टर हे काढून तुमच्या हातात दिलेच पाहिजेत. एसी फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाच मिनिटांत हाताने बदलता येतो, त्यासाठी वेगळा लेबर चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगा.