दिवाडी बेटावरची सायकल सहल: चार तारे, एक सायकलीने खाल्ला

गोव्याला जाऊन समुद्रात पाय न बुडवता आले म्हणून घरचे अजून चिडवतात. चिडवू देत. दिवाडीची सायकल सहल मी पुन्हा करीन.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की फेरीचा धक्का. पलीकडे लोखंडी फळी धाडकन टेकली की आधी स्कूटरवाले सुटतात. त्यांना जाऊ द्या, मग निवांत निघा. रस्ता बहुतेक सपाट. दम लागतो तो पियेदादच्या टेकडीवर, चर्चकडे जाताना. मी सायकल हातात धरून चालत गेले, त्यात लाज कसली!

सायकली मात्र सुमार. सीट दगडासारखी आणि मागचा ब्रेक नावालाच. टेकडी उतरण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा.

गाइड बेटावरचाच मुलगा, त्याला पैकीच्या पैकी गुण. खाजन शेतीच्या, म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या सखल शेतांच्या, बांधावर थांबवून त्याने मानस दाखवलं. ही बांधातली लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तशी मिटतात, ओहोटीला आतलं पाणी रेटतं तशी उघडतात. मोटर नाही, विजेचं बिल नाही. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, दारांतून गढूळ पाणी खळाळत होतं आणि तोंडाशी बगळे टपून बसले होते. खाऱ्या जमिनीत तगणारं कोरगूट भात अशाच खाजनांत पिकतं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना तिथून हलवता हलवता नाकी नऊ आले.

तक्रार एकच. सहल नार्व्याच्या फेरीपर्यंत नेते आणि मागे फिरवते. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. इतक्या जवळ आणून दर्शनाशिवाय परत? आम्ही हटून बसलो, तेव्हा गाइडने मालकाला फोन लावला आणि जादा पैसे न घेता पलीकडे नेलं. तुम्ही बुकिंग करतानाच सांगून ठेवा.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरामची जत्रा असते. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा. नाश्ता पॅकेजमध्येच आहे, पोयी (गोव्याचा पाव) आणि पातळ भाजी. पोयी गरमागरम, भाजी अगदीच सपक. कोल्हापूरकरांनी चटणीची पुडी जवळ ठेवावी.