दारू सोडायची तर कोणत्या मीटिंगला बसावं? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी तुलना

आपल्या पट्ट्यात दारू सोडू पाहणाऱ्यापुढे साधारण चार वाटा असतात. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची प्रत्यक्ष मीटिंग, तीच ऑनलाइन, धर्मस्थळच्या ग्रामाभिवृद्धी योजनेचं मद्यवर्जन शिबिर, आणि व्यसनमुक्ती केंद्राचा फॉलोअप गट. नाव बघून ठरवू नका. घरात काय काय झालं ते तिथं मराठीतून सांगता येईल का आणि तलफ उठलेल्या संध्याकाळी तिथवर पोचता येईल का, हे आधी बघा.

त्याच्याही आधी डॉक्टर. सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागत असेल, तर एकदम बंद करून थेट मीटिंगला जाऊ नका. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरकाप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो. यात माणूस दगावतो. बेळगावचं जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था गाठा. हे दिवस औषधांनी आणि बी-1 जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी निभावून नेले जातात. मीटिंगचं काम त्यानंतरचं.

एए 1935 साली अमेरिकेत सुरू झाली. फी नाही, अर्ज नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. खर्चासाठी शेवटी पेटी फिरते, नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं. तास-दीड तास लोक आळीपाळीने बोलतात. तुमची पाळी आली की नुसतं नाव सांगून ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं तरी पुरतं. आडनाव कोणी विचारत नाही. खुल्या मीटिंगला घरचे सोबत बसू शकतात, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते. सर्वांत मोठा फायदा स्पॉन्सरचा: आधी सोडलेला एक माणूस, ज्याला रात्री अकरालाही फोन करता येतो. पहिल्याच दिवशी निदान तीन जणांचे नंबर घेऊन निघा.

अडचणी दोन. जागा बहुधा शाळेची खोली किंवा चर्चचा हॉल असते आणि वार-वेळ बदलत राहते. जुना पत्ता धरून गेलेला माणूस कुलूप बघून परततो, आणि परतीच्या रस्त्यावर बार असतोच. म्हणून निघायच्या दिवशीच फोन करून विचारा: आज आहे ना, किती वाजता, कोणत्या दाराने आत यायचं, मराठीत बोललं तर चालेल ना? दुसरी अडचण ओळखीची. खानापूरसारख्या गावात कोणीतरी दिसणारच. पण आत दिसलेला माणूसही त्याच कारणाने आलेला असतो. लाजेपोटी दर वेळी कोल्हापूर गाठायचं ठरवलं, तर महिन्याभरात जाणं सुटतं. जवळचीच धरा.

नव्या माणसाला एएमध्ये नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करायला सांगतात. तालुक्याच्या गावी रोज मीटिंग मिळणं अवघड, तिथं ऑनलाइन कामाला येते. मोबाइलवर मराठी मीटिंग मिळतात, कॅमेरा बंद ठेवता येतो. पण कॅमेरा बंद ठेवून पिऊनही बसता येतं, आणि तोंडाचा वास कोणाला कळत नाही. म्हणून एकट्या ऑनलाइनवर भिस्त ठेवू नये.

मद्यवर्जन शिबिराचा बाज अगदी उलटा. आठवडाभर गावातच मुक्काम, योग, भजन, समुपदेशन, बायको-आईला बोलावणं, आणि सगळं गावाच्या डोळ्यांदेखत. पुढे नवजीवन समिती, म्हणजे शिबिरातून दारू सोडलेल्यांचा गट, पाठीशी राहते. ज्याला एकट्याने टिकता येत नाही, त्याला गावाची नजर सावरते. मात्र स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला, तर तीच नजर टोचते आणि माणूस समितीकडे फिरकेनासा होतो. भाषाही मुख्यतः कन्नड. बाजारात कन्नड सफाईने बोलणारे आपले लोकसुद्धा बायकोवर हात उचलल्याची गोष्ट कन्नडमध्ये सांगताना अडखळतात. शिबिर करा, पण नंतर आठवड्याला एक तरी मराठी मीटिंग ठेवा.

केंद्रात राहून उपचार घेतले असतील, तर त्याच केंद्राचा फॉलोअप सोडू नका. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतं. पुण्याला दर वेळी जाणं परवडत नसेल तर जवळपास कुठे सभा भरते ते त्यांनाच विचारा. निपाणी-चिकोडीकरांना कोल्हापूर आणि कागवाडकरांना मिरज बेळगावपेक्षा जवळ पडतं. फॉलोअप गटात समुपदेशक असतो. औषधं किंवा उदासी याबद्दल विचारायचं असेल तर हा गट एएपेक्षा उपयोगी.

नुकतीच सोडलेल्या शहरातल्या माणसाला आमचा कौल असा: आठवड्यात मिळतील तेवढ्या प्रत्यक्ष एए मीटिंग, उरलेल्या संध्याकाळी ऑनलाइन. एकाच मीटिंगवरून मत बनवू नका, निदान सहा करा. उसाचं बिल जमा होतं तो आठवडा, जत्रा आणि चोर्ल्यातून गोव्याला निघालेली मित्रांची गाडी, या वेळी मीटिंग वाढवा.

पिणारा यायला तयारच नसेल, तर घरच्यांनी थांबू नये. त्यांच्यासाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे, ऑनलाइनही भरतो. जेवणात चोरून औषध कालवणं मात्र करू नका. डायसल्फिरॅम हे दारू सोडवायचं औषध पोटात असताना दारू गेली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली मानस 14416 किंवा व्यसनमुक्तीचा 14446 फिरवा, दोन्ही मोफत. फोन उचलल्यावर मराठीत बोलायचं आहे असं आधीच सांगा.