व्हिएन्नाचे दालन की लंडनचे ग्रंथालय?

व्हिएन्नातील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रुंकझाल हे १७२३ ते १७२६ या काळात उभारलेले दालन जवळजवळ ८० मीटर लांब आहे. तेथे घुमटावरील चित्रांखाली उभे राहिले, की सुमारे दोन लाख जुने ग्रंथ छतापर्यंत चढत गेलेले दिसतात आणि नजर कोठे ठेवावी हेच कळत नाही. ऑस्ट्रियाचा सेनापती राजपुत्र असलेल्या सॅव्हॉयच्या युजीनचा सुमारे १५,००० ग्रंथांचा संग्रह मध्यभागी आहे; त्याची लाल, निळी व पिवळी चामडी बांधणी अवश्य जवळून न्याहाळावी. मात्र तिकीट काढूनही येथे ग्रंथ केवळ पाहायचे असतात.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीची १९९८ मध्ये खुली झालेली विटांची इमारत बाहेरून साधी वाटते. आत राजे तिसऱ्या जॉर्जचा ग्रंथसंग्रह काचेच्या उंच मनोऱ्यात उभा आहे. १२१५ चा मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, जपणारे दालन विनामूल्य पाहता येते. तरीही मला लंडन अधिक जवळचे वाटते ते वेगळ्याच कारणाने: रीतसर वाचकपत्र काढल्यास इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याची, दप्तरे मागवता येतात आणि ज्या कागदांवर कंपनी सरकारचा कारभार चालला, तेच मराठी वाचकाला स्वतःच्या टेबलावर उलगडून वाचता येतात.