ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, तरी खाते रिकामे

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. तरी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली माणसे बँकेच्या काउंटरवर येऊन शपथेवर सांगतात, की आम्ही कुणाला काही सांगितले नाही आणि पैसे मात्र गेले. काउंटरवरचा माणूस मान हलवतो, पण ती खोटे बोलत नसतात. ओटीपी त्यांच्या तोंडून गेलेलाच नसतो. तो त्यांच्या फोनने परस्पर पुढे पाठवलेला असतो.

हे कसे होते ते नीट समजून घ्यावे. पुढचा क्रम एका ठरावीक घराचा नाही. नाव आणि रक्कम बदलते, बाकी जवळपास सगळे असेच घडते.

घरातल्या काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो. डीपीला सरकारी चिन्ह. ‘गृहलक्ष्मी योजनेचा आपला हप्ता केवायसी अपूर्ण असल्यामुळे थांबला आहे. सोबतचे अ‍ॅप उघडून आज संध्याकाळपर्यंत माहिती भरावी.’ खाली एक फाइल. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये ऑगस्ट २०२३ पासून सुरू झाले, पण हप्ता वेळेवर येतोच असे नाही. त्यामुळे असा निरोप ज्या घरात जातो, तिथे कुणीतरी खरेच हप्त्याची वाट पाहत असते. चोराला तुमच्याबद्दल काही माहीत असावे लागत नाही. हजार जणींना पाठवले की दहा जणी निघतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडते. हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल, रेशनचा मेसेज, जमिनीचा उतारा, सगळे कन्नडमध्ये. घरातल्या मोठ्यांना ते शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्यावे लागते. अशात स्वच्छ मराठीत निरोप आला की माणूस सुखावतो आणि सावधपणा सैल होतो. खरे तर तिथेच शंका यायला हवी. मराठी परिपत्रकांसाठी वर्षानुवर्षे निवेदने देऊन थकलेल्या सीमाभागात सरकारला व्हॉट्सअ‍ॅपवरच एकदम मराठीचा उमाळा यावा?

योजनेचेच नाव असते असे नाही. ‘बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू’, पीएम-किसानची यादी, गाडीचे ई-चलन, लग्नपत्रिका, काहीही चालते. पत्रिका सगळ्यात वाईट, कारण ती ओळखीच्या नंबरावरून येते. एकाचा फोन ताब्यात गेला, की त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच फाइल भजनी मंडळ, बचत गट, भाऊबंद अशा सगळ्या ग्रुपवर पडते. ‘पाव्हण्यांनी पाठवलंय म्हणजे बरोबरच असणार’ हा हिशोब इथे चुकतो.

फाइलच्या नावाच्या शेवटी काय आहे ते बघा. पत्रिका, चलन किंवा बिल म्हटले तर फोटो असतो, नाहीतर पीडीएफ. शेवटी एपीके असेल तर तो कागद नाही, तो फोनमध्ये बसणारा प्रोग्राम आहे. नाव ‘पत्रिका पीडीएफ’ असे ठेवून शेवटी एपीके जोडलेलेही असते, म्हणून शेवटची तीन अक्षरे वाचायची. ते अ‍ॅप कोणत्याही योजनेचे, बँकेचे, पोलिसांचे नसते. तेवढ्यावर डिलीट करावे.

काकू फाइलवर बोट ठेवतात. अँड्रॉइड लगेच गप्प बसत नाही. या ठिकाणाहून अनोळखी अ‍ॅप घेता येत नाही, अशा अर्थाची पाटी येते आणि सेटिंगमध्ये जाऊन ‘अलाऊ फ्रॉम धिस सोर्स’चे बटण सरकवावे लागते. पुढे गूगलचा फोनमधला पहारेकरी, प्ले प्रोटेक्ट, अडवतो. नेमक्या याच वेळी फोन येतो. ‘काकू, ते लाल आलं तर घाबरू नका, सरकारी अ‍ॅप आहे म्हणून दाखवतंय, खाली बारीक अक्षरात आहे ते दाबा.’ शेजारून सून विचारते, “काय करूलालीसा आत्ती?” पण कानाला साहेबाचा आवाज लागलेला असतो.

अ‍ॅप उघडते आणि परवानग्या मागते. एसएमएस वाचणे, एसएमएस पाठवणे, फोन कॉल. चोरीचे मूळ इथे आहे, ओटीपी सांगण्यात नाही. एसएमएसची परवानगी मिळाली की आलेला प्रत्येक मेसेज तिकडे दिसतो. काही अ‍ॅप तो इंटरनेटवरून पाठवतात, काही सरळ एसएमएस करून दुसऱ्या मोबाइल नंबरला पुढे ढकलतात. म्हणून नुसता डेटा बंद केला की सुटलो, असे समजू नये. काही अ‍ॅप त्याहून पुढे जाऊन ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ मागतात. ही सोय दृष्टिहीन आणि इतर दिव्यांगांसाठी आहे. ती मिळाली की अ‍ॅपला पडद्यावरचे वाचता येते आणि तुमच्या वतीने बटणे दाबता येतात. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या अ‍ॅपला ती सहज मिळत नाही. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर तीन ठिपके दाबून ‘अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ करावे लागते. फोनवर कुणी तुम्हाला ते तीन ठिपके शोधायला लावत असेल तर बोलणे तिथेच तोडा.

मग हुबेहूब सरकारी दिसणारा फॉर्म येतो. नाव, आधार, जन्मतारीख, आणि ‘खाते पडताळणीसाठी’ डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक व मुदत. हे सहा अंकच का? यूपीआय पिन नव्याने घालायला कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका एटीएम पिनही मागतात, मग फॉर्ममध्ये तोही रकाना असतो.

यूपीआय अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना त्या फोनमधल्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस आपोआप जातो. त्यावरून सर्व्हरला कळते की हे सिम याच फोनमध्ये आहे. चोर आपल्या फोनवर काकूंचा नंबर घालतो, तयार झालेला सांकेतिक मजकूर काकूंच्या फोनमधल्या अ‍ॅपला देतो आणि ते अ‍ॅप तो काकूंच्याच सिमवरून पाठवते. सर्व्हरच्या दृष्टीने सगळे रीतसर होते. ओटीपी येतो, तो तिकडे दिसतो, पिन बदलतो. अनेकदा पैसे काढल्याचा मेसेजही घरच्यांना दिसत नाही, कारण अ‍ॅपने तो अडवलेला असतो. अ‍ॅपचे चित्रही यादीतून गायब झालेले असते. ‘अ‍ॅप चाललंच नाही, आपोआप गेलं’ असे समजून काकू कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी एटीएमवर गेल्यावर कळते.

कळल्याबरोबर पहिल्या तासात जे करायचे, त्याला क्रम आहे.

आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. त्यात वायफाय कधी चालूच राहते, ते वेगळे बंद करा. फोन लगेच रिसेट करू नका, पुरावा त्यातच आहे. मग सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. हे फारसे कुणी सांगत नाही, पण उपयोगाचे आहे. त्या फोनमध्ये चोराचे अ‍ॅप नाही, त्यामुळे बँकेचे मेसेज आता फक्त तुम्हाला दिसतील. त्याच फोनवरून *#२१# लावून कॉल कुठे वळवलेले नाहीत ना ते बघा आणि ##००२# लावून वळवलेले सगळे रद्द करा. कॉल वळवणे नेटवर्कवर नोंदलेले असते, सिम हलवल्याने ते जात नाही.

बँकेचा नंबर पासबुकाच्या किंवा कार्डाच्या मागचाच घ्या. गूगलवर शोधून मिळालेल्या ‘हेल्पलाइन’वरून दुसऱ्यांदा फसलेली माणसे कमी नाहीत. कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग तिन्ही बंद करायला सांगा, नुसते कार्ड नको. तक्रार क्रमांक लिहून घ्या, वेळेसकट.

लगोलग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. पलीकडे कन्नड बोलणारे असले तर बिचकू नका, हिंदीत सांगा, चालते. हाताशी हवे ते असे: बँक आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम आणि वेळ, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, ज्या नंबरावरून फाइल आली तो. या कॉलचा उपयोग तक्रार नोंदण्यापेक्षा मोठा आहे. पैसा ज्या खात्यात गेला तिथे तो पुढे हलायच्या आत गोठवता येतो. तो काही वेळात तीन-चार खात्यांतून फिरून एटीएमवर निघतो, म्हणून ‘उद्या सकाळी बँक उघडली की जाऊ’ हे महागात पडते. १९३० रविवारीही चालतो. नंतर त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा.

हद्दीचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. माणूस निपाणीचा, खाते कोल्हापूरच्या शाखेत, सिम गोव्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर. ‘तिकडे जा’ म्हणून कुणी परत पाठवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ लक्षात ठेवा. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. सायबर गुन्ह्यांसाठी कर्नाटकात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणी आहेत. तिथे जाताना फाइलचे, चॅटचे आणि परवानग्यांच्या पानाचे फोटो दुसऱ्या फोनने काढून, छापून न्या. खात्याचा उताराही जोडा. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला तर सही करण्याआधी ओळखीच्या माणसाकडून वाचून घ्या. ‘ओटीपी दिला’ असे वाक्य चुकून त्यात बसले, तर पुढे बँक त्याच वाक्यावर बोट ठेवेल.

ते का, हेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा खातेदाराची नसून मधल्या तिसऱ्याची असेल आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान खातेदाराचे नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतच तुमचे. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले. पण खातेदाराचा हलगर्जीपणा ठरला तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. तक्रारीची वेळ लिहून ठेवायची ती यासाठी. हलगर्जीपणा सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, हे शाखेत ठामपणे सांगा. फाइल उघडली आणि कार्डाचे अंक भरले हाच हलगर्जीपणा, असे बँक म्हणतेच. वाद तिथेच असतो आणि तो प्रत्येक वेळी खातेदार जिंकतो असे नाही. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. गावातली सौहार्द सोसायटी किंवा पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाही.

पोलिसांचे काम झाले की फोन साफ करा. सेटिंगमध्ये सगळ्या अ‍ॅपची यादी उघडा. नाव नसलेले, कोरे चित्र असलेले किंवा ‘अपडेट’, ‘सर्व्हिस’ असल्या नावाचे, तुम्ही कधी न घेतलेले अ‍ॅप शोधा. अनइन्स्टॉलचे बटण फिके असेल तर त्याने ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा हक्क घेतला आहे. तो आधी काढा, मग बटण चालते. तरी जात नसेल तर सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. त्यानंतरही पूर्ण रिसेटच करावे. फोटो आणि नंबर तेवढे परत घ्या, व्हॉट्सअ‍ॅपमधली कागदपत्रे नकोत, कारण तीच एपीके त्यात पडून असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसला तर बाहेर काढा आणि दुहेरी पडताळणीचा (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) सहा आकडी पिन लावा. बँकेचे पासवर्ड बदला, पण ते फोन साफ झाल्यावरच. बाधित फोनवर बदललेला पासवर्ड तिकडेही पोहोचतो.

ज्यांच्या घरात हे अजून घडलेले नाही, त्यांनी आजच दोन कामे करावीत. घरातल्या प्रत्येक फोनमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ची यादी उघडून व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल मॅनेजर यांची परवानगी बंद आहे ना बघा. आणि यूपीआय ज्या खात्याला जोडले आहे, त्यात घरखर्चाएवढीच रक्कम ठेवा. ऊसबिल किंवा गृहलक्ष्मी ज्या खात्यात येते त्याला यूपीआय जोडू नका, आणि त्या खात्याला नोंदवलेल्या मोबाइल नंबराचे सिम बटणांच्या फोनमध्ये ठेवा. तिथे एपीके बसतच नाही. बँकेचा खरा एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. तो अक्षरी नावाने येतो आणि मे २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते, सरकारी मेसेजला ‘जी’, सेवेच्या मेसेजला ‘एस’. बँकांची संकेतस्थळेही आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात.

फसवणुकीचा निरोप आला पण कुणी फसले नाही, तरी तो नंबर दूरसंचार विभागाच्या संचारसाथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या तक्रार सोयीवर कळवा. संचारसाथीवरच आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसते. अनोळखी सिम निघाले तर ‘नॉट माय नंबर’ दाबून तक्रार करा.