अडुळशाचा रस : भाद्रपद ते फाल्गुन

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या आखाड्याची, म्हणजे शेतातल्या वस्तीची, खरी राखण तारेपेक्षा वडिलांनी तिच्या आतून लावलेली अडुळशाची रांग करते, कारण त्याच्या कडू पानाला शेळी तोंड लावत नाही. औषध म्हणून मात्र मी तो गेल्या भाद्रपदापासूनच नियमाने घेऊ लागलो.

पहिले आठ दिवस वायाच गेले. कच्ची पाने पाट्यावर कितीही वाटली तरी रस निघेना, नुसता हिरवा लगदा हाती येई. शेवटी चुलतीने रीत दाखवली : पाने धुऊन एरंडाच्या पानात घट्ट गुंडाळायची, वरून चिखल लिंपायचा, गोळा चुलीतल्या निखाऱ्यांत भाजायचा आणि निवल्यावर पाने फडक्यात घालून पिळायची. वैद्यकात यालाच पुटपाक म्हणतात. एवढ्या खटाटोपाने मूठभर पानांतून जेमतेम दोन चमचे रस मिळतो, तो मधात कालवून घेतला तरी कडूपणा जिभेवर बराच वेळ राहतो.

गुण आला, पण सरसकट नाही. सर्दीनंतर छातीत साठलेला चिकट कफ तिसऱ्या दिवसापासून सुटू लागला. पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, त्यामुळे याचे मला नवल वाटले नाही. सोयाबीनच्या मळणीत धूळ नाकातोंडात जाऊन लागलेल्या कोरड्या ढासेवर मात्र रसाचा फारसा उपयोग झाला नाही. तिथे तोंडाला बांधलेले ओले उपरणेच अधिक कामी आले. ती ढास दोन आठवडे उलटूनही थांबेना, तेव्हा रसावर विसंबून न राहता थुंकी तपासून घेतली, आणि सुदैवाने क्षय निघाला नाही.

एकदा अधीरपणे दुप्पट मात्रा घेतली आणि दुपारभर मळमळत राहिले. सुनेला दिवस गेले होते, म्हणून चुलतीने तिला या रसाचा थेंबही घेऊ दिला नाही, आणि ते योग्यच होते, कारण अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यामुळे नातवंडासाठी हा उपाय आम्ही विचारातही घेतला नाही.

सध्या रांगेवर जांभळ्या रेघांची पांढरी फुले आहेत. पावसाळ्यात फांद्या छाटून उत्तरेकडच्या उघड्या बांधावर खोचणार आहे. तिथून शेजाऱ्यांच्या शेळ्या अजून आत येतात.