‘प्रिंट ॲज इमेज’: ॲक्रोबॅट रीडरमधली आडबाजूला पडलेली सोय

वर्डची तीस पानं भराभर छापून होतात आणि पीडीएफमधलं नकाशाचं एकच पान अडून बसतं. प्रिंटर नुसता दिवा मिचकावत राहतो. अशा वेळी प्रिंटर बदलायचा विचार करण्याआधी ॲक्रोबॅट रीडर या पीडीएफ उघडायच्या प्रोग्रॅममधली ‘प्रिंट ॲज इमेज’ ही एक खूण करून पाहा.

पानावर सावल्या, पारदर्शक थर किंवा हजारो बारीक रेषा असल्या की ही अडचण येते. पोस्टस्क्रिप्टला, म्हणजे अनेक प्रिंटरना पान कसं छापायचं ते सांगणाऱ्या भाषेला, पारदर्शकता कळत नाही, म्हणून रीडरला एकावर एक आलेले थर आधी सपाट करावे लागतात. पडद्यावर ‘फ्लॅटनिंग’ची पट्टी रेंगाळते ती त्यामुळेच. ‘प्रिंट ॲज इमेज’ केलं की अख्ख्या पानाचं चित्र संगणकावरच तयार होतं आणि प्रिंटरच्या तुटपुंज्या मेमरीवरचा भार उतरतो.

कंट्रोल-पी दाबा, प्रिंटरच्या नावाशेजारचं ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा, ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करा आणि डीपीआय (दर इंचाला ठिपके) ३०० ठेवा. आधी फक्त अडलेलं पान छापा. १५० ला बारीक अक्षरं, विशेषतः जोडाक्षरं, कडांना फुटतात. ६०० चा मोह टाळा. रंगीत ए४ पानाचा कच्चा डेटा ३०० ला सुमारे २६ एमबी होतो, तर ६०० ला १०४. प्रिंटरचा ड्रायव्हर तो दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवतो खरा, पण वायफाय कमजोर असेल तर वाचवलेला वेळ तिथेच जातो.

साध्या मजकुराच्या फाइलला मात्र ही खूण लावू नका. अक्षरांची धार जाते आणि छपाई उलट मंदावते. स्कॅन केलेल्या फाइलला तिचा फारसा उपयोग नाही, कारण ते पान मुळातच चित्र असतं. तिथे स्कॅनच ३०० डीपीआयला करावं. काळा-पांढरा मजकूर असेल तर रंगीत स्कॅन टाळावा.

आणि प्रत्येकच फाइलचं पहिलं पान उशिरा येत असेल, तर रीडरचा संबंध नाही. विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजमधला ‘पोर्ट्स’ टॅब बघा. तिथे डब्ल्यूएसडी पोर्ट (विंडोजने नेटवर्कवर प्रिंटर आपोआप शोधून केलेली जोडणी) असेल तर स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट (थेट प्रिंटरच्या नेटवर्क पत्त्यावर जाणारी जोडणी) जोडून पाहा, पण आधी राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करा, नाहीतर पत्ता बदलला की छपाई बंद पडेल. जाड कागदाची सेटिंग किंवा ‘क्वाएट मोड’ चुकून चालू राहिला असेल, तर तेही वेग कमी करतात.

सोय उत्तम आहे. तक्रार एवढीच की ती ‘ॲडव्हान्स्ड’च्या आड दडलेली आहे आणि सपाटीकरण रखडलं तरी रीडर तिचं नाव सुचवत नाही. नकाशे, आराखडे छापणाऱ्यांना ती छपाईच्या पहिल्याच खिडकीत दिसायला हवी.