‘ब्लेड सगळे नवीन टाकलेत’ म्हणून विकलेलं जुनं मल्चर

ऊसतोड उरकत आली की पाचट कुट्टीच्या जुन्या मल्चरना गिऱ्हाईक वाढतं, आणि नेमकी याच दिवसांत रंग मारून सजवलेली यंत्रं बाहेर निघतात. आमच्या भागात असंच एक सहा फुटी मल्चर विकलं गेलं. लाल रंग, नवे बेल्ट, आणि विकणाऱ्याचं पालुपद एकच: "ब्लेड सगळे नवीन टाकलेत, दोन सीझन बघायला नको." फडात उतरल्यावर थोड्याच वेळात यंत्र थरथरायला लागलं, एक बोल्ट कातरला आणि ब्लेड मागच्या पडद्यातून बाहेर फेकलं गेलं. मागे माणूस नव्हता म्हणून निभावलं.

ब्लेड नवीन होते, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते साध्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) पट्टीचे, गॅसने कापलेले होते. चांगलं ब्लेड बोरॉन स्टीलचं, घडवून पाणी दिलेलं, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेलं असतं. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. धारेजवळचा रंग खरवडून कानस मारा: एमएसवर कानस लगेच रुतते आणि भुगा पडतो, कडक ब्लेडवर ती घसरते, जोर लावल्यावर जेमतेम ओरखडा उठतो. गॅसने कापलेल्या कडेवर उभ्या रेघाही दिसतात, रंग कितीही जाड असला तरी.

खरा घात वजनाने केला. प्रत्येक ब्लेड किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवल्यावर सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड ब्लेडमध्ये 100 ग्रॅमच्या वर फरक निघाला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण रोटर, म्हणजे ब्लेड लावलेला फिरता पाइप, मिनिटाला 2000 फेरे फिरतो आणि ब्लेडचं वजन मध्यापासून साधारण पाव मीटरवर असेल, तर त्या 100 ग्रॅमचा ओढा सुमारे 110 किलोचा होतो. सेकंदाला तेहतीस वेळा बाजू बदलणारा हा झटका आधी बेअरिंग खातो, मग हाउसिंगचे बोल्ट ढिले करतो, शेवटी बाजूच्या पत्र्याला तडा पाडतो. म्हणून समोरासमोरची ब्लेडं सारख्या वजनाची लावायची, आणि एक तुटलं तर जोडीचंही बदलायचं. झिजलेल्या ब्लेडसमोर नवं लावणं म्हणजे हाच उद्योग स्वतःच्या हाताने करणं.

झिजलेल्या ब्लेडवर वेल्डिंगचा थर चढवून ‘नवीन’ करणारेही आहेत. ते एमएसपेक्षा वाईट. वेल्डिंगच्या उष्णतेने पाणी उतरतं, थराच्या कडेला बारीक तडे जातात, आणि तुकडा उडतो तो गोळीसारखा.

ब्लेड काढल्यावर रोटरची भानगड कळली. ब्लेड अडकवायचे काही कान मोडून पुन्हा वेल्ड केलेले, एकमेकांच्या रेषेत नसलेले. कारखान्यात रोटर बॅलन्स करताना पाइपवर छोट्या पट्ट्या वेल्ड करतात. त्या ‘साफसफाईत’ ग्राइंडरने उडवलेल्या, खुणा रंगाखाली तशाच. असा रोटर बॅलन्सिंग मशीनवर चढवल्याशिवाय कुठलंही ब्लेड लावून उपयोग नाही.

फ्रीव्हीलही वेल्ड करून जाम केलेलं होतं. पीटीओ (यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरमागचा शाफ्ट) बंद केल्यावर जड रोटर काही वेळ फिरतच राहतो. फ्रीव्हील त्याला मोकळं सोडतं. ते जाम असेल तर रोटर उलट ट्रॅक्टरलाच ढकलतो आणि पीटीओचे गिअर जातात. शाफ्ट हाताने फिरवून बघा: एका दिशेला रोटर सोबत आला पाहिजे, दुसऱ्या दिशेला शाफ्ट एकटाच फिरला पाहिजे.

मग हे विकत घेताना कळलं कसं नाही? चाचणी दिली होती, पण शेडमध्ये, इंजिन जेमतेम रेस करून. ओढा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे निम्म्या वेगावर थरथर चौथाईच राहते. गिअरबॉक्समध्ये 90 नंबरच्या तेलाऐवजी ग्रीस कोंबलं होतं, म्हणून आवाजही दबला. चाचणी घ्यायची तर पीटीओ पूर्ण वेगावर, म्हणजे मिनिटाला 540 फेऱ्यांवर, पाचटात, निदान अर्धा तास. मग ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, रोटर पूर्ण थांबल्यावर दोन्ही बेअरिंगना हात लावायचा. एक बाजू चटका देत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. खाली वाकायचं तर आधी यंत्राखाली लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रोलिकवर कधीच नाही.

ब्लेड निवडताना रोटर कशासाठी बनलाय ते आधी. गवताला हलकं, इंग्रजी Y आकाराचं वाय ब्लेड पुरतं. द्राक्ष-डाळिंबाच्या छाटणीला, पऱ्हाटीला हातोडा, म्हणजे जड हातोडीसारखं ब्लेड लागतं. पण वायच्या रोटरवर हातोडे चढवू नका: कान, बोल्ट, बेअरिंग त्या वजनाचे नसतात, आणि लांबी वाढली तर ब्लेड आतल्या स्थिर पात्याला घासतं. बोल्ट 10.9 ग्रेडचेच, नायलॉक नटसह. डोक्यावर आकडा नसेल तर घेऊ नका. बोल्ट बुशवर (बोल्टवर चढणाऱ्या नळीवर) घट्ट आणि ब्लेड बुशवर मोकळं झुललं पाहिजे. भोक लांबोळं झालं असेल तर धार कितीही चांगली असो, ब्लेड भंगारात. मागचा रोलर असा लावा की ब्लेड जमिनीपासून दोन-तीन इंच वर राहील. माती लागली की कडक ब्लेडही भराभर झिजतं.

या व्यवहारात पावतीवर एकच ओळ होती: ‘जुने अवजार, पाहून घेतले’. त्या ओळीवर सही केल्यावर विकणाऱ्याने फोन उचलणंही बंद केलं. पावतीवर यंत्राचा नंबर, ब्लेडचं स्टील, रोटर बॅलन्स केलेला आहे की नाही, हे लिहून मागा. नंबरची पाटीच उखडलेली असेल किंवा तो लिहायला तयार नसेल, तर ब्लेड, बोल्ट, बुश, बेअरिंग आणि बॅलन्सिंगचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.